मदत हवी आहे: मुंबईच्या पीएम २.५ (हवेतील सूक्ष्म कण) नकाशात केंद्रांभोवती गोल डाग पडतात

खाडीकाठ: कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाच्या हवेच्या जागतिक अंदाजाला (कॅम्स) शहरातील मापन केंद्रांच्या निरीक्षणांची जोड देऊन दर तासाचा नकाशा करतो आहे. निरीक्षण आणि अंदाज यांतील फरक ऑप्टिमल इंटरपोलेशनने (दोन्हींतील चुकांच्या प्रमाणात वजन देऊन दुरुस्ती करण्याची पद्धत) आजूबाजूला पसरवला, तरी प्रत्येक केंद्राभोवती गोल डाग पडतो आणि मधल्या भागात मूळ अंदाजच राहतो. सकाळी तर दुरुस्ती फारच मोठी येते. नकाशा याच आठवड्यात द्यायचा आहे. काय बदलावे, ते कृपया लवकर सांगावे.

दख्खनवारा: सहसंबंधाची लांबी, म्हणजे एका केंद्रावरचा फरक किती दूरपर्यंत लागू पडतो ते अंतर, किती धरली आहे? वेळा जुळवल्या आहेत का? कॅम्सच्या वेळा यूटीसीनुसार, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असतात. त्या तशाच घेतल्या, तर सकाळी ९ च्या निरीक्षणाशी दुपारी अडीचचा अंदाज ताडला जातो, आणि तोवर हवेचा मिश्रणथर उंचावून प्रदूषक विरळ झालेले असतात.

नकाशावेडा: ही पद्धतच सोडून द्या आणि फरकांवर क्रिगिंग (केंद्रांमधल्या जागांची मूल्ये काढण्याची सांख्यिकी पद्धत) करा. माझे डाग त्यानेच गेले.

दख्खनवारा: सहप्रसरण (दोन ठिकाणचे फरक किती एकत्र बदलतात त्याचे माप) तेच ठेवले, तर साध्या क्रिगिंगचे आणि ऑप्टिमल इंटरपोलेशनचे गणित एकच आहे. आपले डाग गेले असतील, ते व्हेरिओग्राम (अंतरानुसार तफावत कशी वाढते त्याचा आलेख) बसवताना लांबी आकडेवारीतून ठरली म्हणून.

 

खाडीकाठ: लांबी अंदाजाने ५ किलोमीटर धरली होती. वेळा जुळवलेल्या नाहीत.

दख्खनवारा: मग आधी वेळा जुळवा. त्यानंतर केंद्रांच्या प्रत्येक जोडीसाठी फरकांचे सहप्रसरण काढून ते जोडीतील अंतरासमोर मांडा. ते ज्या वेगाने घटते त्यावरून लांबी ठरते, आणि वक्र शून्य अंतरापर्यंत मागे नेला की मॉडेलची (कॅम्सच्या अंदाजाची) चूक व निरीक्षणाची चूक वेगळ्या करता येतात. भर चौकातल्या केंद्राला निरीक्षणाची चूक जास्त द्या, कारण तिथला धूर साऱ्या उपनगराचा नसतो. कॅम्सची जाळी सुमारे ४० किलोमीटरची असल्याने मुंबई एक-दोन चौकटींतच मावते; त्यामुळे गल्लीगल्लीतला फरक या नकाशातून सांगू नये. नकाशा देण्यापूर्वी एकेक केंद्र आळीपाळीने वगळून तिथली चूक नुसत्या अंदाजापेक्षा कमी होते का, ते अवश्य तपासा.