बिलिंगचा प्रोग्रॅम दर वेळी परवानगी मागतो, यूएसी बंद करावं का?

हिशेबनीस
दुकानात विंडोज १० वर जुना ३२-बिट बिलिंग प्रोग्रॅम आहे. उघडला की दर वेळी स्क्रीन काळवंडते आणि बदल करू द्यायचे का, असं यूएसी (यूजर अकाउंट कंट्रोल, विंडोजची परवानगी विचारण्याची सोय) विचारतं. खातं अॅडमिनचंच आहे. काउंटरवरची मुलं न वाचता ‘येस’ दाबतात. मग यूएसीच्या सेटिंगमधली पट्टी सरळ तळाला नेली, म्हणजे विचारणंच बंद केलं, तर काय बिघडेल?

कोरी_पाटी
तळाला नेऊ नका. अॅडमिन खात्यातही रोजचे प्रोग्रॅम कमी अधिकारांवर चालतात, पूर्ण अधिकार त्या खिडकीत होकार दिल्यावरच मिळतात. पट्टी तळाला गेली की तो होकार विंडोज परस्पर देऊन टाकतं, मेलमधून आलेल्या फाइललासुद्धा.

दुखणं बहुधा प्रोग्रॅममध्येच आहे. असे जुने प्रोग्रॅम डेटा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहितात. तिथे साध्या अधिकारांवर लिहिता येत नाही, म्हणून इन्स्टॉल करणारा ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’वर टिक करून जातो. ती टिक काढायची, पण शेवटी. आधी पूर्ण बॅकअप. मग डेटाच्या फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, आणि ‘यूजर्स’ला ‘मॉडिफाय’ द्या. त्यानंतर प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी टॅबमधली टिक काढा.

क्रम उलटा झाला तर एररही न येता नव्या नोंदी ‘अॅपडेटा\लोकल\व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये जाऊ शकतात. तिथे प्रत्येक खात्याची प्रत वेगळी असते, म्हणजे एकाने केलेलं बिल दुसऱ्याला दिसणारच नाही! तिथे आधीची प्रत पडलेली असेल तर प्रोग्रॅम तीच वाचत राहील, तेही तपासा.

‘मॉडिफाय’ डेटापुरतंच द्या. ईएक्सई (प्रोग्रॅमची मूळ फाइल) असलेल्या फोल्डरला दिलंत तर कुठलाही व्हायरस ती फाइल बदलू शकेल. दोन्ही एकत्र असतील तर सेटिंगमधून डेटाची जागा बदलता येते का बघा.

पाटावरवंटा
वरचं सगळं बरोबर, पण अॅडमिन खात्यावर यूएसीच्या भरवशावर राहू नका. २००७ चं विंडोज व्हिस्टा ऊठसूट विचारायचं, लोक वैतागले, म्हणून २००९ च्या विंडोज ७ ने स्वतःच्या बऱ्याच टूल्सना न विचारता पूर्ण अधिकार दिले. ती सूटच पळवाट ठरली. इव्हेंट व्ह्यूअर हे त्यातलंच एक टूल उघडताना काय चालवायचं हे यूजरच्या रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीतून) वाचायचं आणि तो भाग त्या खात्यात चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला बदलता येतो, म्हणजे न विचारता भलताच प्रोग्रॅम पूर्ण अधिकारांवर चालवता यायचा. ही युक्ती २०१६ मध्ये उघड झाली. मायक्रोसॉफ्ट स्वतः यूएसीला सुरक्षेची सीमा मानत नाही.

काउंटरचं खातं ‘स्टँडर्ड’ म्हणजे साध्या अधिकारांचं करा. आधी वेगळं अॅडमिन खातं काढा, पासवर्ड द्या, त्यात एकदा लॉगिन करून खात्री करा, मगच जुन्याचा प्रकार बदला. पुढे ‘येस’ऐवजी पासवर्ड मागितला जाईल आणि तो मुलांकडे नसेल.

हिशेबनीस
मग प्रोग्रॅमचे अपडेट?

पाटावरवंटा
ते तुम्ही स्वतः टाका. खिडकीत ‘शो मोअर डिटेल्स’ दाबून फाइलचा पत्ता आणि प्रकाशकाचं, म्हणजे प्रोग्रॅम काढणाऱ्या कंपनीचं, नाव वाचा. पिवळी खिडकी म्हणजे प्रकाशकाची ओळख पटलेली नाही. लहान कंपन्यांच्या प्रोग्रॅमला ती बऱ्याचदा दिसते, म्हणून फाइल त्यांच्याच साइटवरून घ्या. काही न उघडता खिडकी आली तर ‘नो’.