मुलाच्या अंगठ्याचं नख सारखं मांसात रुततंय. पूर्ण नख काढायचं का? मदत हवी आहे

नमस्कार. मुलगा १५ वर्षांचा आहे. अडीच महिने झाले, उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख कडेच्या मांसात रुततंय. आधी नुसतं लाल होतं, बूट घातला की दुखायचं. त्याने घरात सांगितलंच नाही. एक दिवस मोजे धुवायला घेतले तर अंगठ्याच्या जागी पिवळट डाग पडून कापड कडक झालेलं. पाय बघितला तर मांस फुगून नखावर चढलं होतं, दाबलं की पू येत होता.

डॉक्टरांनी ५ दिवस अँटिबायोटिक दिलं. उतरलं. पंधरवड्यात परत तेच. दुसरा कोर्स झाला, पुन्हा तेच. आता त्या कोपऱ्यात मसुराएवढं मऊ, लालभडक मांस वाढलंय. टॉवेल लागला तरी रक्त येतं. रात्री पांघरुणाचं वजनही सहन होत नाही, पाय बाहेर काढून झोपतो. बघवत नाही हो.

फुटबॉल खेळतो, पायाला घाम खूप येतो. नखं कापायची सोडून आंघोळीनंतर मऊ झाली की बोटांनी ओढून तोडायची सवय आहे, हे मला आत्ता कळलं. मधुमेह वगैरे काही नाही.

सर्जन म्हणतात पूर्ण नख काढून टाकू. सासूबाई म्हणतात नखाच्या मधोमध व्ही आकाराची खाच पाड, म्हणजे कडा आत ओढल्या जातात. मला दोन्हीची भीती वाटतेय. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. तोपर्यंत घरी काय करू?

प्रतिसाद १

ताई, मी यातून तीनदा गेलोय, म्हणून लगेच लिहितोय. पहिल्या दोन वेळा पूर्ण नख काढलं. जवळजवळ वर्षभराने नवं नख पूर्ण आलं आणि त्याच कोपऱ्यात रुतलं. तिसऱ्यांदा दुसऱ्या डॉक्टरांनी फक्त कडेची चिंचोळी पट्टी काढली आणि तेवढ्या भागाच्या मुळाला फिनॉल (मूळ जाळून टाकणारं रसायन) लावलं. ती कड पुन्हा उगवलीच नाही. नख थोडं अरुंद दिसतं, बास.

दुखतं ते बधिर करायचं इंजेक्शन. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना टोचतात, ते क्षण वाईट असतात हे मुलाला आधीच सांगून ठेवा. पुढचं काही कळत नाही. फिनॉलनंतर काही आठवडे जखम ओलसर राहते, पाणी झिरपतं. मी ते पू समजून घाबरलो होतो.

प्रतिसाद २

मी डॉक्टर आहे. पाय न बघता उपचार ठरवता येत नाहीत, पण प्रकार काय आहे ते सांगतो.

नख ओढून तोडलं की कोपऱ्यात खोलवर एक टोकदार कुसळ राहतं. बाहेरून ते दिसतही नाही. नख पुढे वाढतं तसं हे कुसळ मांसात घुसतं, घट्ट बूट आणि घामाने मऊ पडलेली कातडी त्याला मदतच करतात. शरीर त्याला बाहेरून घुसलेल्या काट्यासारखं वागवतं: सूज, पू आणि शेवटी ते लाल मांस. काटा आत ठेवून गोळ्या देत राहिलं तर काय होणार? अँटिबायोटिक चुकलं असं नाही, पण मूळ कारण जागेवरच आहे. ते कुसळ निघालं की बऱ्याचदा हे मांस आपोआप बसतं.

व्हीची खाच पाडू नका. नख वाढतं ते मुळाकडून, पुढच्या टोकाला खाच पाडून कडा आत येत नाहीत.

पूर्ण नख काढण्याची गरज अशा वेळी सहसा नसते. नुसतं नख काढलं आणि मूळ तसंच ठेवलं तर पुन्हा रुतण्याचं प्रमाण बरंच असतं. म्हणून सर्जनना सरळ विचारा, "फक्त कडेची पट्टी काढून मुळाला फिनॉल लावता येईल का?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

तोपर्यंत कोमट पाण्यात १५ मिनिटं पाय बुडवा, दिवसातून दोन-तीनदा, आणि नंतर नीट कोरडा करा. चिकटपट्टीचं एक टोक फुगलेल्या मांसाच्या कडेला चिकटवून ते नखापासून दूर ओढायचं आणि पट्टी अंगठ्याखालून वळवून घ्यायची, म्हणजे दाब कमी होतो. मांस फार ओलं असेल तर पट्टी टिकणार नाही. नखाखाली कापसाची वात सरकवणं हे सुरुवातीच्या अवस्थेसाठी ठीक, आता पू असताना घरी कोरत बसू नका. पुढून उघडी चप्पल, फुटबॉल बंद. ताप आला किंवा लाली पायावर चढू लागली तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

एक विचारायचं राहिलं. मुरमांसाठी गोळ्या चालू आहेत का त्याला?

प्रतिसाद ३

डॉक्टरसाहेबांनी लिहिलंय ते घरचे उपाय मधुमेह असलेल्यांनी करू नयेत, हे कुणी वाचत असेल तर जरूर लक्षात घ्या. आमच्या आईच्या पायाला संवेदना कमी आहे. नख रुतलेलं तिला कळलंच नाही, अंगठा काळसर दिसला तेव्हा आम्ही धावलो. आता रोज रात्री तिचे तळवे आणि बोटांच्या फटी मी स्वतः बघते. नखं सरळ रेषेत कापते, कोपरे गोल करत नाही, बोटाच्या टोकापेक्षा आखूड तर अजिबात नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, हो! आयसोट्रेटिनॉइन चालू आहे, चार महिने झाले. याचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. सर्जननाही सांगितलं नव्हतं.

प्रतिसाद २

त्या गोळ्यांनी काही जणांच्या नखाभोवती असंच मांस वाढतं. तुम्ही मनाने बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञांना अंगठा दाखवा, डोस कमी करायचा की थांबवायचा ते ठरवतील. नखाची पट्टी काढण्याआधी सर्जननाही हे माहीत असू द्या.

मूळ प्रश्नकर्ती

उद्याच त्वचेच्या डॉक्टरांकडे नेते. त्याला आत्ता कोमट पाण्यात पाय सोडून बसवलंय.