तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) उकळल्यावर का उघडतात
काहीजण म्हणतात की उकळताना तिसऱ्या वाफेच्या दाबाने उघडतात. तसं नाही. दोन शिंपांच्या बिजागरीपाशी एक लवचीक पट्टी असते, तिचा ओढा कायम उघडण्याकडेच. जिवंत प्राणी दोन स्नायू आवळून शिंपा मिटून धरतो. उकळताना स्नायूंची पकड सुटते आणि पट्टी त्या उघडते. रिकाम्या शिंपेत आतून दोन्ही बाजूंना जे गुळगुळीत ठसे दिसतात, ते याच स्नायूंचे. पुढच्या वेळी टाकून देण्याआधी जरूर बघा, फार सुंदर असतात.

आणि हो, तिसऱ्यांना डोकं नसतंच. मिठाच्या पाण्यात जरा शांत ठेवल्या की दोन नळ्या हळूच बाहेर येतात. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. मधले कल्ले प्राणवायूही घेतात आणि अन्नाचे कणही गाळतात.