निलगिरीखालची मेथी: खत टाकण्याआधी हे करून बघा

कुंपणालगतच्या निलगिरीखाली मेथी येत नाही, अशी एकाची तक्रार आहे आणि त्यावर शेणखत वाढवायचा सल्ला आलाय. त्याआधी दोष पानांचा की मुळांचा, हे तपासा. झाडाखालची माती एका कुंडीत, लांबची दुसरीत घ्या. दोन्हींत मेथीचे 20-20 दाणे पेरून पाणी सारखंच द्या. आठवड्याभरात झाडाखालच्या मातीत उगवण निम्मीच दिसली, तर पाचोळ्यातून झिरपलेली, उगवण रोखणारी फिनॉलिक द्रव्यं आड येताहेत. दोन्हीकडे सारखीच उगवली, तर वरवर पसरलेली मुळं वाफ्याचं पाणी ओढताहेत. आपल्या नागपुरी उन्हाळ्यात हा दुसरा त्रास फार मोठा.

पाचोळा नेमाने झाडून काढा, ताज्या पानांचं आच्छादन मुळीच नको. झाडलेला पाचोळा शेण कालवून, ओलसर ठेवून निदान 6 महिने पूर्ण कुजवा, मग खुशाल वापरा.

उंच वाफ्याने अर्धंच काम होतं. तळ उघडा असला की ओलीच्या मागावर मुळं खालून शिरतातच. त्यापेक्षा ग्रो-बॅग (रोपं लावायची पिशवी) विटांवर ठेवा, तळ जमिनीला टेकता कामा नये. आणि कृपा करून जाड मुळं तोडू नका, वादळात झाड घरावर येईल.

सुबाभूळ असेल तर शेंगा तडकण्याआधीच काढा. मिमोसीन, म्हणजे इतर रोपांची वाढ रोखणारं त्याचं द्रव्य, पानांत असतं तसंच बियांतही.