व्हिएन्नाची जुनी खाणावळ: जशीच्या तशी राहू द्यावी का?

दानूबकाठ
नऊ वर्षं व्हिएन्नात राहतोय. आमच्या गल्लीतलं जुनं बाइस्ल या हिवाळ्यात विकलं गेलं. बाइस्ल म्हणजे इथली साधी, घरगुती खाणावळ. खांद्याइतक्या उंचीपर्यंत भिंतीला गडद लाकूड, दाराशी थंडी अडवायला जाड पडदा, कोट अडकवायला खुंट्या. नव्या मालकाने लाकूड उखडलं, भिंती पांढऱ्या केल्या. मला फार लागलं ते. इथला वेटर हसून स्वागत करत नाही हे खरं, पण तुम्हाला उठवतही नाही. मागितल्याशिवाय बिल येत नाही. एका बिअरवर रविवारची दुपार काढणारे चार म्हातारे मी वर्षानुवर्षं पाहिले, ते आता कुठे बसत असतील? ही ठिकाणं आहेत तशीच राहायला हवीत, पदार्थांसकट.

मृद्गंध
लाकूड खुशाल राहू द्या. 'पदार्थांसकट' याला माझा ठाम विरोध. मागच्या वर्षी आईला घेऊन अशाच एका ठिकाणी गेले होते. आई माळकरी, अंडंसुद्धा खात नाही. म्हणून फक्त ब्रेड आणि बटाट्याचं सॅलड मागवलं. वेटरला विचारलं, यात मांस आहे का? तो म्हणाला, नाही. आईला ते इतकं आवडलं की तिने बशी पुसून खाल्ली. दोन दिवसांनी ऑफिसमधल्या मैत्रिणीने सांगितलं की ते सॅलड बीफच्या स्टॉकमध्येच, म्हणजे बीफ उकळलेल्या पाण्यातच करतात. आईला मी अजून सांगितलेलं नाही. रोज फोनवर बोलताना ते घशाशी येतं.

चौथा मजला
वाईट वाटलं वाचून. पण वेटर खोटं बोलला असं मला वाटत नाही. त्याच्या लेखी मांस म्हणजे तुकडा. स्टॉक त्याच्यासाठी पाण्यासारखाच. दुसऱ्याच्या घरी जाताना आपणच नीट चौकशी करायला हवी. आपल्या आवडीनुसार सगळी शहरं बदलत गेली तर प्रवास तरी कशासाठी करायचा? मी वास्तुरचनाकार आहे. मुंबईच्या इराण्याकडच्या वाकवलेल्या लाकडी खुर्च्यांचं मूळ घडण व्हिएन्नाच्या थोनेट या फर्निचर बनवणाऱ्याची, १८५९ सालची. इराणी हॉटेलं बंद पडली तेव्हा आपण हळहळलो. तिथेही तेच होऊ द्यायचं?

मृद्गंध
चौकशी केली होती हो. आणखी कशी करायची? मेन्यूत बहुतेक ठिकाणी पदार्थापुढे अक्षरं छापलेली असतात. त्या सॅलडपुढे एल, एम, ओ होती: सेलरी, मोहरी, सल्फाइट. ज्याची अ‍ॅलर्जी होते ते कायद्याने सांगावं लागतं, पण बीफसाठी अक्षरच नाही. श्निट्झेलच्या, म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेल्या मांसाच्या कापाच्या बाबतीत मात्र हेच लोक किती काटेकोर! नुसतं 'वीनर श्निट्झेल' लिहिलं तर ते वासराचंच हवं, डुकराचं असेल तर तसं छापावं लागतं. मांस खाणाऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून एवढी काळजी, मग न खाणाऱ्याची का नाही?

कढईवाली
मी ऑस्ट्रियातच हॉटेलच्या किचनमध्ये काम करते. या सॅलडमध्ये मेयोनीज नसतं. चिकट जातीचे बटाटे गरम असतानाच सोलून काप करायचे, त्यावर उकळता स्टॉक, व्हिनेगर, मोहरी आणि कांदा घालून ढवळत राहायचं. बटाट्यातला स्टार्च सुटतो आणि सगळं साईसारखं मिळून येतं. घट्टपणा बटाट्याचा, बीफचा नव्हे. भाज्यांच्या स्टॉकनेही ते तितकंच मिळून येतं, मी दर आठवड्याला करते. चवीत फरक पडतो, तो नाकारत नाही. पण एक वेगळं पातेलं ठेवल्याने परंपरा बुडत नाही.

चौथा मजला
चवीत फरक पडतो म्हणता, तोच तर मुद्दा आहे. टाफेलश्पिट्स नावाच्या पदार्थासाठी बीफ तासन्‌तास मंद उकळतात. त्या पाण्याचं आधी सूप होतं, उरलेलं सॅलडात जातं. काही वाया न घालवणारं ते स्वयंपाकघर आहे. त्यातला एक धागा ओढला की वीण सुटते.

दानूबकाठ
मृद्गंध, 'पदार्थांसकट' लिहिताना मी हा विचार केला नव्हता. मी सगळं खातो, त्यामुळे मला कधी विचारावंच लागलं नाही. पदार्थ बदलावा असं मला अजूनही वाटत नाही. पण स्टॉक कशाचा ते छापायला हवं, हे पटलं. पुढच्या वेळी मांसाबद्दल विचारू नका, थेट विचारा: 'इस्ट दा रिंडसुपे द्रिन?' म्हणजे यात बीफचा स्टॉक आहे का. याचं उत्तर वेटर बरोबर देतो.

मृद्गंध
वाक्य लिहून घेतलं. आई जूनमध्ये पुन्हा येतेय. ते सॅलड परत खायचंय म्हणाली. कढईवाली, बटाट्याची जात आणि स्टॉकचं प्रमाण द्याल का? घरीच करीन म्हणते.

कढईवाली
किपफ्लर मिळाले तर उत्तम, नाहीतर पाकिटावर 'फेस्टकोखेंड', म्हणजे चिकट जातीचे, असं लिहिलेले घ्या. किलोला पाव लिटर स्टॉक, पण एकदम ओतू नका. आणि तो कडकडीत हवा.