नाशिकला कधी जायचं? रंगपंचमी की रथ?

ए-५०१ काकू: मंडळी, एक विचारायचं होतं. मार्चमध्ये आम्ही सहाजणं दोन दिवसांसाठी नाशिकला जायचं म्हणतोय. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, नातवंडं ९ आणि १२ वर्षांची. धुळवडीला जोडून सुट्टी मिळतेय, तेव्हाच जावं का? मुलांना रंग खेळायचाय.

बी-१०३ काका: जरूर जा. काळाराम, रामकुंड, सीतागुंफा, एका दिवसात सगळं होतं.

सी-२०४ ताई: काकू, थांबा, तिकिटं काढू नका! माझं माहेर जुन्या नाशकातलं. धुळवडीला रंग खेळायला आलात तर मुलं हिरमुसतील. आमच्याकडे रंग रंगपंचमीला. धुळवडीला वीर निघतात.

ए-५०१ काकू: वीर म्हणजे?

सी-२०४ ताई: घरातल्या पूर्वजांचे टाक, म्हणजे धातूच्या छोट्या प्रतिमा, असतात ना देवघरात, ते घेऊन वाजतगाजत गोदावरीवर न्यायचे, स्नान घालायचं आणि परत आणायचे. लहान मुलांना देवांचे, शिवरायांचे पोशाख घालतात. माझ्या भावाला चार वर्षं लागोपाठ कृष्ण केलं होतं, पाचव्या वर्षी रडून त्याने मावळा व्हायचं ठरवलं. दाजिबा वीरही निघतात, बुरूड गल्लीतून. त्यांना बाशिंगे वीरही म्हणतात, कारण डोक्याला बाशिंग आणि अंगाला हळद. ऐन लग्नाच्या हळदीत मारल्या गेलेल्या नवरदेवाची गोष्ट सांगतात त्यामागे. ज्यांची लग्नं जमत नाहीत ते दर्शनाला येतात. आजी दारात पाट मांडून वाट बघायची.

डी-४०२ दादा: मी सात वर्षं नाशिकला नोकरीला होतो, हे कधी पाहिलंच नाही! कॉलेज रोडला राहायचो.

सी-२०४ ताई: दादा, तेच होतं. गोदाकाठ आणि जुनी गल्ली सोडून बाकी नाशिकला पत्ताच नसतो.

बी-३०४ मुलगा: ताई, रहाड म्हणतात ती रंगपंचमीलाच ना? मला रीलमध्ये दिसली होती.

सी-२०४ ताई: हो! ही रहाड कशी असते ते सांगते, कारण रीलमध्ये फक्त उडी दिसते. रस्त्याच्या मधोमध, जमिनीखाली बांधलेला दगडी हौद. पेशवेकाळातला. वर्षभर वर लाकडं आणि माती टाकून बुजवलेला असतो, त्याच्यावरून रिक्षा, हातगाड्या सगळं जातं. कितीतरी लोक वर्षानुवर्षं त्यावरून चालतात आणि पायाखाली हौद आहे हे त्यांना ठाऊक नसतं. रंगपंचमीच्या आधी गल्लीतली माणसं तो उघडतात, गाळ काढतात, धुतात, पाणी भरतात. रंग मोठ्या कढयांत उकळून ओततात. मग पूजा होते आणि त्यानंतरच पहिली उडी.

उडीला आम्ही 'धप्पा' म्हणतो. नुसतं पाण्यात उतरायचं नाही, असा धप्पा मारायचा की काठावरचे सगळे भिजले पाहिजेत. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याची पिवळी, शनि चौकातली गुलाबी, दिल्ली दरवाजाची केशरी. रात्री माणूस कुठल्या रंगाचा घरी आला त्यावरून तो कुठल्या रहाडीत होता ते कळायचं. जुनी माणसं म्हणतात, एकदा धप्पा मारला की उन्हाळा बाधत नाही. माझे बाबा पासष्टाव्या वर्षापर्यंत उतरले.

बी-३०४ मुलगा: आई, आपण जायचं. ठरलं.

बी-३०४ काकू: आधी परीक्षेचं बघ.

ए-५०१ काकू: ऐकूनच छान वाटलं ताई. पण सासूबाईंना त्या गर्दीत कशी नेऊ? आणि नऊ वर्षांच्या पोराला खोल हौदात?

सी-२०४ ताई: नाही, खरं सांगते, नऊ वर्षांच्याला रहाडीत उतरवू नका. काठावर रेटारेटी असते, पाय घसरतो. आजींना तर अजिबात नको. यंदा, २०२६ ला, रंगपंचमी रविवारी आहे, ८ मार्चला, म्हणजे बाहेरून येणारी गर्दीही जास्त. तरुणांनी जावं, जुने कपडे घालून, मोबाइल घरी ठेवून.

तुम्ही तीन आठवडे थांबा आणि रथाला या. २९ मार्च, कामदा एकादशी, तोही रविवार. माझ्या मते नाशिक बघायचं तर त्याच दिवशी.

बी-१०३ काका: रामनवमीचा रथ ना? मग नवमीलाच का नाही?

सी-२०४ ताई: काका, नवमीला दुपारी जन्म होतो, मंदिरात पाय ठेवायला जागा नसते. रथ एकादशीला. दोन रथ असतात, पुढे गरुडरथ आणि मागे रामरथ. गरुडरथात पादुका, रामरथात रामाच्या भोगमूर्ती, म्हणजे मिरवणुकीच्या छोट्या मूर्ती. दोर धरून तालमीची माणसं ओढतात. रामरथाच्या पुढे पुजारी घराण्यातले मानकरी बुवा चालतात, तेही उलटे. तोंड रामाकडे, पाठ रस्त्याकडे. देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून. पाडव्यापासून ते व्रतस्थ असतात. लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून फक्त त्यांचे पाय बघायचे. खड्डा आला तर? दगड आला तर? कधी अडखळले नाहीत.

आणि रामरथ गोदावरी ओलांडत नाही. तो पंचवटीच्या बाजूलाच थांबतो. गरुडरथ तेवढा नदी पार करून जुन्या नाशकात जातो, आमच्या दारावरून. आई ओवाळायची. पुढे दोन्ही रथ नदीवर एकत्र येतात, रामकुंडावर देवाचं अवभृथ, म्हणजे उत्सव संपतानाचं, स्नान होतं, तेव्हा रात्र झालेली असते.

सी-६०२ भाऊ: ताई, वाचतोय मघापासून. एक सांगू का? मुलांना काळारामला नेणार असाल तर त्यांना २ मार्च १९३० सुद्धा सांगा. त्या दिवशी बाबासाहेबांनी तिथे सत्याग्रह सुरू केला, दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी. दादासाहेब गायकवाड पुढे होते. आमचे पणजोबा त्यात होते. त्याच वर्षीच्या रथाच्या वेळी सवर्ण आणि सत्याग्रही, दोन्हीकडच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं होतं. ते पाळलं गेलं नाही, दगड आले, आमच्या माणसांना मार बसला. पणजोबांच्या कपाळावर खूण होती, आजी सांगायची. मी रथाला आजवर गेलो नाही. पण मंदिराच्या दारापर्यंत दर वर्षी जातो, मुलीला घेऊन.

सी-२०४ ताई: भाऊ, बरं केलंत सांगितलंत. आम्हाला घरात रथाच्या शंभर गोष्टी सांगितल्या, ही नाही सांगितली. मला ती शाळेच्या पुस्तकातून कळली आणि मी बाबांना विचारलं होतं, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

ए-५०१ काकू: भाऊ, मुलांना नक्की सांगेन. दारापाशी उभं करूनच सांगेन.

डी-४०२ दादा: काकू, जायचं कसं ते माझ्याकडून घ्या. रविवारी सकाळची तपोवन एक्सप्रेस ठाण्याहून पकडा, दहाच्या आसपास नाशिक रोड. तिथून पंचवटी साधारण नऊ किलोमीटर, रिक्षा नको, टॅक्सी करा, आजी आहेत. रथ संध्याकाळी निघतो, त्यामुळे त्याच दिवशी परत यायचा विचार सोडा. मुक्काम करा आणि सोमवारी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने या.

सी-२०४ ताई: मुक्काम माझ्या माहेरी! हॉटेल कशाला? वहिनीला आत्ताच कळवते. आजींना गल्लीतल्या ओट्यावर खुर्ची टाकून बसवू, गरुडरथ दारावरून जाईल तेव्हा दर्शन. गर्दीत जायला नको. फक्त एक, एकादशी आहे, त्यामुळे त्या दिवशी मिसळ नाही. साबुदाणा वडा आणि भगर. मिसळ सोमवारी निघताना. आणि परत येताना द्राक्षं मात्र पेटीभर घेऊन या, मार्चमध्ये काळी द्राक्षं नाशकासारखी कुठेच मिळत नाहीत.

बी-२०२ मावशी: मी पाडव्याच्या सुमारास जाऊन आलेली आहे एकदा. गोदाघाटावर एवढी मोठी रांगोळी काढतात की पुलावर उभं राहिल्याशिवाय डोळ्यांत मावत नाही. ढोलही शेकड्यांनी. यंदा पाडवा १९ मार्चला, पण गुरुवार आहे.

सी-२०४ ताई: मावशी, तुम्ही तर मे महिन्यातच या. त्याच घाटावर वसंत व्याख्यानमाला असते महिनाभर, रोज संध्याकाळी, उघड्यावर. शंभर वर्षांहून जुनी. मी पहिल्यांदा मोठ्या माणसांचं बोलणं सलग तासभर ऐकलं ते तिथे, सतरंजीवर, आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून.

ए-५०१ काकू: सासूबाईंना आत्ता सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणतात, "माझ्या आईने बुवांचं उलटं चालणं सांगितलं होतं, मला वाटायचं गोष्टच आहे." २९ तारीख पक्की. ताई, वहिनींना सांगा, आम्ही सहाजणं आहोत, आणि सासूबाईंना पंचारतीचं ताट स्वतःच्या हाताने लावायचंय.

सी-२०४ ताई: ताट, निरांजन सगळं आहे घरी. आजींना म्हणावं, फक्त फुलवाती आणा. आईच्या हातच्या संपल्या मागच्या वर्षी.