मदत हवी आहे: सीएफटीच्या मीटिंगला सगळे येतात, काम मात्र क्वालिटीवरच पडतं

नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. नवीन पार्टसाठी आमची सीएफटी, म्हणजे वेगवेगळ्या विभागांची मिळून एक टीम आहे: डिझाइन, प्रॉडक्शन, परचेस, मेंटेनन्स आणि मी. आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डप्रमाणे एफएमईए (काय कुठे बिघडू शकतं याचा आधीच केलेला तक्ता) सगळ्यांनी मिळून करायचा असतो. आमच्याकडे तो मी रात्री घरी बसून भरतो, सकाळी बाकीचे सह्या करतात.

मागच्या महिन्यात याचा फटका बसला. डिझाइनने एका बुशच्या भोकाचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कमी केला, मेल सगळ्यांना गेला. पण मशीनजवळ प्लास्टिकच्या पाकिटात जुनंच ड्रॉइंग लटकत राहिलं आणि ऑपरेटर जुन्याच प्लग गेजने (भोकात घालून माप तपासायचं साधन) तपासत होता. त्याची काही चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. चारशे नग परत आले. एटडी (8D) रिपोर्टला, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायच्या अहवालाला बसलो तर 'मूळ कारण' या रकान्यावर दोन तास वाद, प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे.

माणसं वाईट नाहीत हो. प्रॉडक्शनला रोजचा आकडा गाठायचा असतो, परचेसला दर. सीएफटीचं काम कुणाच्याच अप्रेझलमध्ये नाही, मला वाटतं खरी गोम तिथेच आहे.

ज्यांच्याकडे हे नीट चालतं त्यांनी सांगा: ड्रॉइंग बदललं की जुनी प्रत आणि गेज लाइनवरून उचलायची जबाबदारी कोणाची? मीटिंग मशीनपाशीच घेऊन फरक पडतो का? आणि ऑपरेटरला सीएफटीत घेतलंय का कोणी? मला तो हवाय, पण साहेब म्हणतात लाइन थांबेल. पुढची मीटिंग सोमवारी आहे.